सुटणं, सोडणं, सोडवणं

(रायपूरच्या बूढापारा भागात 31 ऑगस्टला, विमुक्त दिनानिमित्त, मराठी बोलणाऱ्या विद्यार्थ्यांच्या एका छोट्या बैठकीत केलेल्या भाषणाचं हे लिखित रूप. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मला पंचवीस मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे 'मुक्ती'. मी आयोजकांना म्हटलं, हा मोठ्या माणसांचा विषय आहे, मी अजून प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात अडकलेली आहे. ते म्हणाले, मग अडकलेल्या माणसानंच सुटण्याबद्दल बोलावं. तर मी मुक्ती या कल्पनेवर फार बोलणार नाही. त्या शब्दावर बोलणार आहे. तो आपल्या घरात कसा वापरला जातो, कचेरीत कसा, आणि कधी तो आपल्याच अंगावर कसा येतो, एवढंच. माझी मराठी राजनांदगावची आहे. मध्येच हिंदी आणि छत्तीसगढी डोकावेल, सांभाळून घ्या.

आजीपासून सुरुवात करते. माझी आजी तीन वर्षांपूर्वी गेली. शेवटचे चार महिने अंथरुणावर होती. माती द्यायला आलेली प्रत्येक बाई आईच्या पाठीवर हात ठेवून एकच वाक्य म्हणत होती, "सुटली माय." मी तेव्हा नुकतीच पीएच.डी.ला नोंदणी केलेली, डोक्यात नवी नवी पुस्तकं, मला त्या वाक्याचा फार राग आला. भंडाऱ्याकडच्या खेड्यातून लग्न होऊन आलेली, नवऱ्याच्या मिलमधल्या पगारावर सहा लेकरं वाढवलेली ही बाई. तिच्या सबंध आयुष्यात 'सुटली' असं सगळ्यांचं एकमत झालं ते ती मेल्यावर. आणि ह्याच बायका घरात बाळंतपण झालं की म्हणतात, "मोकळी झाली." म्हणजे आमच्या बाईला हा शब्द दोनदा मिळतो. बाळ बाहेर आलं तेव्हा आणि जीव बाहेर गेला तेव्हा. मधल्या सत्तर वर्षांसाठी शब्द नाही.

राग ओसरल्यावर मी वही काढली आणि लिहायला लागले. मराठीत माणूस सुटतो त्याचे शब्द कोणते? सुटका, सोडवणूक, मोकळीक, मुक्तता, मुक्ती, मोक्ष, स्वातंत्र्य, फारकत, काडीमोड, सोडचिठ्ठी, सूट, माफी. त्यात 'मुक्त', 'मोक्ष' आणि 'मोकळा' ही एकाच घरची भावंडं आहेत. संस्कृतात 'मुच्' म्हणजे सोडणे. त्याचा एक मुलगा संस्कृतातच शिकला, पोथीत बसला आणि 'मोक्ष' झाला. दुसरा प्राकृतातून चालत चालत आपल्या वस्तीत आला, त्याचं नाव 'मोकळा'. एक भाऊ देवळात आणि एक गोठ्यात. आपल्याकडे हे नवीन नाही.

गोठ्यातलाच आणखी एक शब्द आहे, 'मोकाट'. जनावर दाव्याला बांधलेलं नसेल तर ते मोकळं. पण त्याला मालकच नसेल तर ते मोकळं राहत नाही, मोकाट होतं, आणि मोकाट जनावराला कोंडवाड्यात घालतात. हा फरक लक्षात ठेवा. थोड्या वेळानं मी विमुक्तांकडे येणार आहे, तेव्हा हा कोंडवाडा पुन्हा लागेल.

आता थोडं व्याकरण. शाळेत अकर्मक आणि सकर्मक क्रियापदं शिकलो होतो, मार्कांसाठी. 'सुटणं' अकर्मक आहे. गाठ सुटली, वारा सुटला, शाळा सुटली, कैदी सुटला. कोणी सोडलं हे सांगायची गरज नाही. 'सोडणं' म्हटलं की सोडणारा आला, दोरी त्याच्या हातात आहे. 'सोडवणं' म्हटलं की तिसरा माणूस आला, ज्याच्या हातात दोरी नाही पण जो मध्ये पडतो. भांडण सोडवतात, गहाण सोडवतात, गणित सोडवतात. समाजशास्त्रात आम्ही सत्ता, कर्ता असे जाड शब्द वापरतो. मराठीनं ते तीन साध्या क्रियापदांत ठेवलेलं आहे. कोणी सुटलं असं ऐकलं की मी आता पहिला प्रश्न हाच विचारते, कोणी सोडलं? की कोणी सोडवलं? की गाठच जुनी होऊन तुटली?

आणि 'सोडणं' नेहमी चांगलंच असतं असं नाही. आमच्या चाळीत एक मावशी होत्या. त्यांना सगळे 'सोडलेली' म्हणायचे. नवऱ्यानं सोडलेली. खरं पाहिलं तर त्या दारूड्या माणसापासून सुटल्या होत्या, पण शब्द त्यांना सुटू देत नव्हता. नवऱ्याला कोणी 'सोडलेला' म्हणत नाही, ऐकलं आहे का कधी? त्याच बाईला 'सुटलेली' म्हटलं असतं तर ती वेगळी बाई झाली असती. एका मात्रेचा फरक.

'सुटणं'चा आणखी एक अर्थ आहे, आणि माझ्या मते आजच्या सभेत तो सगळ्यात महत्त्वाचा आहे. यादीतून नाव सुटलं. गाडी सुटली. प्रश्नपत्रिकेतला एक प्रश्न सुटला म्हणजे तो आला, आणि एक प्रश्न सोडवायचा सुटला म्हणजे तो राहून गेला. सुटणं म्हणजे मोकळं होणं आणि सुटणं म्हणजे वगळलं जाणं, दोन्हीला आपण एकच शब्द वापरतो. हिंदीत 'छूटना'चंही तसंच आहे, ट्रेन छूट गई, जेल से छूट गया. हा काही भाषेचा दोष नाही. गरीब माणसाच्या आयुष्यात ह्या दोन गोष्टी बऱ्याचदा एकाच दिवशी घडतात, भाषेनं तेवढंच टिपून ठेवलं आहे.

आता विमुक्त. आजच्या दिवसाचं नाव.

1871 साली इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमाती कायदा केला. आधी उत्तर हिंदुस्थानात लागू झाला, पुढे 1911 आणि 1924 च्या कायद्यांनी त्याचा पसारा वाढत गेला. एखादी जमात सरकारनं राजपत्रात 'गुन्हेगार' म्हणून अधिसूचित केली की तिच्यात जन्मलेलं मूल काही करायच्या आतच संशयित. नोंदणी करायची, ठरल्या वेळी हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर परवाना घ्यायचा. आपल्याकडे सोलापूरची सेटलमेंट प्रसिद्ध आहे, तारेच्या कुंपणातली वस्ती. ह्यांचं मूळ पाप काय होतं? अनेक जमाती फिरत्या होत्या. मीठ वाहणारे, टोपल्या विणणारे, खेळ करणारे, शिकार करणारे. त्यांना एक गाव नाही, एक मालक नाही. म्हणून ते मोकळे नव्हेत, मोकाट. मघाचा कोंडवाडा तो हा.

देश 15 ऑगस्ट 1947 ला स्वतंत्र झाला. हा कायदा देशभरातून उठला 31 ऑगस्ट 1952 ला. मध्ये पाच वर्षं आणि सोळा दिवस. त्या पाच वर्षांत त्या माणसांसाठी 'स्वातंत्र्य' ह्या शब्दाचा अर्थ काय होता, ह्यावर कोणी प्रबंध लिहावा. माझा विषय वेगळा आहे, नाहीतर मीच लिहिला असता.

गंमत शब्दाची पाहा. इंग्रजीत ह्या लोकांना 'डीनोटिफाइड' म्हणतात. म्हणजे अधिसूचनेतून नाव काढलेले. बस, एवढंच. रुक्ष, कारकुनी, पण खरा शब्द आहे, कारण प्रत्यक्षात तेवढंच घडलं. एका कागदावर नाव होतं, ते काढलं. आपण मराठीत आणि हिंदीत त्याचं 'विमुक्त' केलं. 'वि' लावला की शब्द भारी होतो. विशेष मुक्त! कानाला किती मोठं वाटतं. जमिनीचा तुकडा नाही, घर नाही, दाखला नाही, आणि नाव विशेष मुक्त. मला कधी कधी वाटतं की सरकारला जेव्हा काही द्यायचं नसतं तेव्हा ते चांगला शब्द देतं. हे वाक्य प्रबंधात लिहिता येत नाही म्हणून इथे बोलून घेतलं.

कारण कायदा उठला आणि त्याच्या जागी राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा 1959 चा आहे. आता जमातीचं नाव नाही, 'सवय' आहे. पण पोलीस पाटलाच्या डोक्यातली जुनी यादी कोण काढणार? 2007 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीनं भारताला हे कायदे रद्द करा असं सांगितलं. 3 ऑक्टोबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयानं, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर, तुरुंगांच्या नियमावल्यांतला जातिभेद घटनाविरोधी ठरवला. त्या नियमावल्यांत झाडलोट, मैला सफाई कोणत्या जातीच्या कैद्यानं करायची आणि स्वयंपाक कोणी करायचा हे लिहिलेलं होतं, आणि काही ठिकाणी विमुक्त जमातींच्या माणसांना सरळ सराईत गुन्हेगारांत धरलेलं होतं. 1952 ला नाव काढलं, आणि 2024 मध्ये न्यायालयाला सांगावं लागतं की अजून काढायचं राहिलं आहे. बहात्तर वर्षं. माझ्या आजीच्या सुटण्याएवढी.

महाराष्ट्रात 'विमुक्त जाती' असा स्वतंत्र प्रवर्ग आहे, तीन टक्के आरक्षण आहे. केंद्रात तसा प्रवर्ग नाही. तिथे हीच माणसं कुठे अनुसूचित जातीत, कुठे जमातीत, कुठे ओबीसीत आणि कुठे कशातच नाहीत. रेणके आयोग झाला, इदाते आयोग झाला, अहवाल दिले गेले. कैकाडी समाजाचं उदाहरण घ्या, लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'मुळे आपल्याला हे नाव माहीत आहे. हा समाज विदर्भातल्या जिल्ह्यांत अनुसूचित जाती आणि उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त जाती. जिल्ह्याची हद्द ओलांडली की मुक्तीचा प्रकार बदलतो.

इथे जरा बाहेर बघा. खिडकीतून तलाव दिसतो आहे. बूढा तालाब. गोंड समाजाची माणसं त्या नावात बूढादेव वाचतात, सरकारी पाटीवर विवेकानंद सरोवर आहे. किशोरवयातले विवेकानंद, म्हणजे नरेंद्र, 1877 मध्ये घरच्यांबरोबर रायपूरला आले आणि ह्याच बूढापाऱ्यात राहिले. तलावाच्या मध्यभागी त्यांचा बसलेला मोठा पुतळा आहे, ध्यानस्थ. आणि ह्याच तलावाच्या काठी कैक वर्षं रायपूरचं धरनास्थळ होतं. अंगणवाडीच्या ताई, कंत्राटी कर्मचारी, बदली मागणारे शिक्षक, जमीन गेलेले शेतकरी, सगळे इथे मांडी घालून बसायचे. पाण्यात मोक्षाची मांडी आणि काठावर पगाराची मांडी. मी एम.ए.ला असताना दुपारी डबा घेऊन इथे यायचे, माझं निम्मं समाजशास्त्र ह्या फुटपाथवर झालं. आता रहदारीला अडथळा होतो म्हणून ते धरनास्थळ नवा रायपूरकडे तूता गावाजवळ नेलं. बूढापारा धरनामुक्त झाला.

हा जो 'अमुकमुक्त' असा शब्द आहे त्याच्याकडे मला तुमचं लक्ष वेधायचं आहे. महाराष्ट्रात 2007 पासून तंटामुक्त गाव मोहीम आली. हागणदारीमुक्त गावही आलं. चांगले उद्देश आहेत, माझी तक्रार नाही. पण त्याच साच्यात 'झोपडपट्टीमुक्त शहर' बसतं, 'अतिक्रमणमुक्त रस्ता' बसतो. 'बंधमुक्त' म्हटलं तर माणूस मुक्त होतो आणि बंध जातो. 'झोपडपट्टीमुक्त' म्हटलं तर शहर मुक्त होतं आणि माणूस जातो. समास तोच. मुक्त कोण झालं आणि गेलं कोण, एवढं बघायचं. वर्तमानपत्र उघडलं की मी हल्ली हा खेळ खेळते, तुम्हीही खेळून पाहा.

माझ्या बाबांनाही एकदा मुक्ती मिळाली आहे. ते एका खाजगी कारखान्यात होते. एका सकाळी कागद आला, "आपको कार्यमुक्त किया जाता है." आई कधी विनोद करत नाही. त्या दिवशी तिनं कागद पाहिला आणि म्हणाली, "मुक्त झालात म्हणे. मग आता रेशन कोण आणणार?"

शब्दावरून भांडणं ही फक्त विद्यापीठातल्या लोकांची हौस आहे असं समजू नका. शेतकरी संघटनेनं 'कर्जमाफी' नको, 'कर्जमुक्ती' म्हणा असा आग्रह धरला. माफी म्हटलं की गुन्हा आमचा ठरतो, हा त्यांचा मुद्दा. बरोबर मुद्दा आहे. आणि आपल्या चळवळीत तर हे भांडण फार जुनं. शंभर वर्षांपूर्वी आपल्याबद्दल सगळीकडे 'उद्धार' हा शब्द चालायचा. अस्पृश्योद्धार, दलितोद्धार. उद्धार म्हणजे वर काढणं. विहिरीत पडलेल्याला काढतात तसं. कोणी ढकललं ते विचारायचं नाही, काढणाऱ्याचे आभार मानायचे. आपल्या लोकांनी ह्या शब्दाचं काय केलं ते तुम्हाला माहीत आहे. घरात भांडण झालं की म्हणतात, "त्यानं माझ्या आईबापाचा उद्धार केला." म्हणजे शिव्या घातल्या. मला तर वाटतं मराठी भाषेनं केलेली ही सगळ्यात चोख टीका आहे.

जोतिराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' लिहिली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली. तिथे मुक्त होणं म्हणजे मेल्यावर कुठे जाणं नाही. मालकाच्या हातातून सुटणं आहे. ब्राह्मणी ग्रंथांनी जो शब्द परलोकात नेऊन ठेवला होता तो त्यांनी परत बाजारात, शेतात, घरात आणला. आणि बाबासाहेबांनी 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्यात धर्म सोडण्याची घोषणा केली, त्यानंतर साडेसात महिन्यांनी, 31 मे 1936 ला, मुंबईत दादरला महार परिषदेत लिहून आणलेलं भाषण वाचलं. 'मुक्ति कोन पथे?' हे त्याचं नाव. आपण ते इतक्या वेळा ऐकलं आहे की ते मराठी नाही हे लक्षातच येत नाही. 'कोन पथे' हे बंगाली आहे. त्याच नावानं विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बंगालमधल्या 'युगांतर' पत्रातल्या क्रांतिकारक लेखांचं पुस्तक निघालेलं होतं. तिथे मुक्ती म्हणजे इंग्रजांपासून. बाबासाहेबांच्या भाषणात ती गावापासून, गावगाड्यापासून, ज्या धर्मात तो गावगाडा पवित्र ठरतो त्याच्यापासून. त्या भाषणात ते हिशेबाला बसल्यासारखे बसतात. भौतिक बाजू, आध्यात्मिक बाजू, मनुष्यबळ किती, पैसा किती, जुलूम होतो तेव्हा आपल्या बाजूनं कोण उभं राहतं. मुक्तीवरचं भाषण आणि त्यात मारहाणीचा हिशेब! मोक्षाच्या कोणत्या कीर्तनात हे ऐकलं आहे?

आणि शेवटी ते बुद्धाच्या अखेरच्या उपदेशावर येतात, स्वतःच स्वतःचा आधार व्हा. पुढे त्यांच्या निधनानंतर 1957 मध्ये निघालेल्या बुद्धावरच्या ग्रंथात हा फरक आणखी स्पष्ट आहे, बुद्ध मोक्षदाता नाही, मार्गदाता आहे. मघाच्या व्याकरणात बसवून बघा. 'सोडणारा' नाही. 'सोडवणारा'ही जपून. वाट दाखवणारा. सुटायचं काम अकर्मकच राहतं, ते ज्याचं त्यानं करायचं.

हे मी अनेक ठिकाणी बोलले आहे आणि टाळ्याही मिळाल्या आहेत. पण गेल्या वर्षी क्षेत्रकार्यात एक बाई भेटल्या आणि हे सगळं माझ्याच घशात अडकलं.

आपल्या छत्तीसगढमधून दरवर्षी दिवाळीच्या आसपास घरंच्या घरं वीटभट्ट्यांवर जातात. उत्तर प्रदेश, जम्मू, कुठे कुठे. आधी उचल घेतात, मग ती फेडेपर्यंत हंगाम संपतो आणि उचल संपत नाही. जुन्या काळी इथे गावातच 'कमिया' लागायचे, कर्ज घेऊन मालकाच्या घरी वर्षानुवर्षं राबायचं. आता कमिया रेल्वेनं जातो, एवढाच फरक. ह्या बाई महासमुंद जिल्ह्यातल्या, सतनामी समाजाच्या. नवरा, दोन लेकरांसकट भट्टीवर अडकल्या होत्या. कोणीतरी तक्रार केली, अधिकारी आले, सगळ्यांना सोडवलं आणि प्रत्येकाला एक कागद दिला. त्याचं नाव 'मुक्ति प्रमाणपत्र'.

मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी, मला तो कागद पाहून अंगावर काटा आला. एकविसाव्या शतकात एका माणसाला शिक्का मारून दिलं आहे की तू मुक्त आहेस. मी त्यांना हे उत्साहानं समजावत होते. 1976 चा कायदा सांगितला, की वेठबिगार पद्धत 25 ऑक्टोबर 1975 पासूनच रद्द झाली, त्या दिवसापासून प्रत्येक वेठबिगार कायद्यानंच मोकळा आहे, कोणाच्या सोडण्याची गरज नाही, तुम्ही तर जन्मापासून मुक्त आहात. घटनेचं कलम 23 सांगितलं. त्या ऐकत होत्या. प्लॅस्टिकच्या पिशवीतून तो कागद काढला, उलटा धरला होता, आणि विचारलं, "ए कागद मा का लिखे हे?"

एवढा वेळ मी बोलत होते आणि त्यांना कागदावर काय लिहिलं आहे ते कोणी वाचूनच दाखवलं नव्हतं. मीही नाही. मी अर्थ सांगत होते, मजकूर नाही.

मग वाचून दाखवला. नाव, वय, गाव, मालकाचं नाव, उचलीची रक्कम. वय चुकलेलं होतं. मुलीचं नाव नव्हतंच. नवऱ्याचं आणि मुलाचं प्रमाणपत्र होतं, ह्यांचं होतं, मुलीचं सुटलं होतं. ती भट्टीवर विटा उलटायची, नऊ वर्षांची, पण मजूर म्हणून तिला कोणी मोजलंच नाही. केंद्राची 2016 ची पुनर्वसन योजना आहे. पुरुषाला एक लाख, बाईला आणि मुलाला दोन लाख, फारच वाईट प्रसंग असेल तर तीन लाख. मुलीचं नाव सुटलं म्हणजे दोन लाख सुटले. आणि उरलेल्यांची रक्कम? तातडीची मदत सुरुवातीला वीस हजार होती, 2021 मध्ये तीस हजारांपर्यंत केली. बाकीची मालकाविरुद्धच्या खटल्याला जोडलेली. मालकाला शिक्षा झाली तर ह्यांना पैसे. म्हणजे सुटलेल्याची सुटका बांधणाऱ्याच्या शिक्षेला बांधलेली आहे.

तेव्हापासून मी 'मुक्ती' ह्या शब्दावर टाळ्या घेत नाही. निदान प्रयत्न करते.

आता थोडं आपल्याबद्दल. इथे बसलेले बहुतेक जण घरातले पहिले पदवीधर आहेत, मीही आहे. आपल्याला लहानपणापासून एक वाक्य ऐकवलेलं आहे, "शिक, म्हणजे सुटशील." बाबा म्हणायचे, "तू शिकलीस की आम्ही सुटलो." पाहा, क्रियापद तेच, कर्ता बदलला. मी सुटायचं की त्यांनी? कधी ठरलंच नाही. विद्यापीठात एका प्राध्यापकांनी मला फार प्रेमानं सांगितलं, आता इथपर्यंत आलीस, आता तरी जातीच्या विषयातून मोकळी हो, दुसरं काही लिही. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण त्यांना जातीतून मोकळं होणं म्हणजे जातीवर न लिहिणं वाटत होतं. मोकळं व्हायला आधी गाठ कुठे आहे ते दिसावं लागतं, हे त्यांना सांगायचं राहून गेलं. तेव्हा तोंडातून फक्त "हो सर" सुटलं.

आणि गाठ कुठे आहे, ऐका. माझ्या आजोबांचं नाव 1950 च्या कागदांत भंडाऱ्याला आहे. ते 1953 मध्ये राजनांदगावला मिलमध्ये आले. अनुसूचित जातींचा आदेश निघाला 10 ऑगस्ट 1950 ला. त्या दिवशी भंडारा मध्य प्रदेशात होता, राजनांदगावही मध्य प्रदेशात, आणि त्या राज्याची राजधानी नागपूर. आजोबा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेच नाहीत. नंतर 1956 मध्ये विदर्भ तिकडे गेला, 2000 मध्ये छत्तीसगढ वेगळं झालं. माणूस जागेवर आणि राज्यं हलली. पण माझा भाऊ जातीच्या दाखल्यासाठी जातो तेव्हा खिडकीवर त्याला सांगतात, तुमचा 1950 चा पुरावा महाराष्ट्रातला आहे, तिकडे जा. तिकडे सांगतात, तुम्ही तर तिकडे राहता. बौद्ध म्हणून आपल्याला 1990 मध्ये यादीत घेतलं, महार जात इथल्या यादीतही आहे, तरी आमचं घर दोन याद्यांच्या मधल्या फटीतून सुटलं. मी खुल्या जागेवर शिकले. लोक त्याला जिद्द म्हणतात. मी त्याला सुटलेलं नाव म्हणते. इथे दोनतीन जण मान हलवताहेत, म्हणजे तुमच्याही घरी हे आहे. कार्यक्रमानंतर बोलू. निदान सगळ्यांचे नकाराचे कागद एकत्र करू, एकट्यानं खिडकीवर उभं राहून काही होत नाही.

पश्चिम महाराष्ट्रातल्या माझ्या एका मित्राच्या घरी म्हणतात, "आमचं वतन सुटलं." मी विचारलं, सुटलं म्हणजे गेलं की तुम्ही त्यातून सुटलात? त्याच्या आजोबांना महार वतनाची जमीन होती आणि त्या बदल्यात गावाची सगळी कामं. बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं होतं. वतनं गेली ती 1958 च्या कायद्यानं, आणि जमीन परत हवी तर कब्जेहक्काची रक्कम भरा अशी अट. ज्यांनी भरली त्यांची राहिली, ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांची सुटली. वेठ सुटली, जमीनही सुटली. मित्र म्हणाला, दोन्ही. आजोबा दोन्ही अर्थांनी म्हणायचे, ऐकणाऱ्यानं कोणता घ्यायचा तो घ्यावा.

माझी पंचवीस मिनिटं कधीच संपली आहेत, अध्यक्ष घड्याळाकडे बघताहेत. महासमुंदच्या त्या बाईंचं सांगते आणि बसते. मी त्यांना विचारलं, तुमच्यासाठी अर्ज लिहून देऊ का, पैशाचा? त्या म्हणाल्या, आधी मुलीचा लिही. शाळेत तिचं नाव कापलं होतं, सतत गैरहजर म्हणून. तो अर्ज मी तिथेच, त्यांच्या दारात बसून लिहिला. मुलगी आता पाचवीत बसते. तिच्या प्रमाणपत्राचा दुसरा अर्ज जिल्हा कचेरीत पडून आहे, चार महिने झाले. त्याची पोच आणि सगळ्या कागदांच्या झेरॉक्स माझ्या पिशवीत आहेत. मंगळवारी सकाळच्या बसनं मी परत जाते आहे. तुमच्यापैकी कोणी कायद्याचं शिकत असेल, किंवा ज्याला अशा कचेरीत आवाज न चढवता दोन तास उभं राहता येतं, त्यानं जाण्याआधी मला भेटा. बसचं तिकीट मी काढते.

जय भीम.